विठाईचा यशवंत, वेणूताईंचे साहेब

मैत्रिणींनो, आपलं तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. संतमंडळींच्या डोक्यावर थापटी मारून कुणाचं मडकं भाजलेलं आणि कुणाचं कच्चं हे काकांनी सांगितलं, ही गोष्ट आपल्याकडे लहान लेकरांनाही ठाऊक असते. मला वाटतं, पुढाऱ्यांचं मोजमापही असंच करावं. कोण किती वर्षं खुर्चीवर होता, किती खाती सांभाळली, याची यादी शाळेच्या पुस्तकात असतेच. पण हा माणूस कुठल्या भट्टीत भाजला आणि ती आच कुणाकुणाला लागली, हे पाहिल्याशिवाय मडकं काही कळत नाही.

गावोगावच्या महिला सदस्यांशी बोलायला मी अधूनमधून जाते. तिथं एक प्रश्न हमखास विचारते. जिल्हा परिषद, पंचायत समिती हे सगळं महाराष्ट्रात कुणाच्या काळात आलं? बऱ्याच जणी एकमेकींकडे बघतात. मग एखादी हळूच यशवंतराव चव्हाणांचं नाव घेते. नाव सगळ्यांच्या कानावरचं असतं, पण त्या नावामागच्या विठाई आणि वेणूताई फारशा कुणाला ठाऊक नसतात. म्हणून आज या तिघांची गोष्ट.

माफी नको म्हणणारी आई

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे या गावचा. हे गाव आता सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा साताऱ्यात होतं. देवराष्ट्रे हे विठाईंचं माहेर. बाळंतपण फार अवघड गेलं. आजीनं तिथल्या सागरोबाला साकडं घातलं, की लेकीला यश दे, बाळाचं नाव त्याची आठवण म्हणूनच ठेवीन. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली आणि बाळाचं नाव यशवंत झालं.

वडील बळवंतराव कराडच्या कोर्टात बेलिफ होते. यशवंता चार-पाच वर्षांचा असताना प्लेगमध्ये ते गेले. पदरात तीन मुलगे आणि एक मुलगी, शेती नावापुरती, आणि विठाईंना अक्षराची ओळख नाही. अशा वेळी बाईनं काय करायचं असतं, हे आपल्यापैकी कितीतरी जणींनी घरात किंवा शेजारी पाहिलेलं आहे. विठाईंनी पदर खोचला. माहेरच्या माणसांनी हात दिला. थोरल्या ज्ञानोबानं लहान वयातच नोकरी धरली, मधल्या गणपतरावांनी घराचा भार उचलला, आणि धाकट्याला मात्र शिकू द्यायचं असं सगळ्यांनी ठरवलं. एका घरात एकाला शिकवायचं तर बाकीच्यांना किती मागं राहावं लागतं, याचा हिशेब कुणी मांडत नाही. यशवंतराव मात्र तो जन्मभर विसरले नाहीत.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये ते शिकत होते. स्वातंत्र्याच्या चळवळीचे दिवस होते. २६ जानेवारी १९३२ रोजी शाळेच्या आवारात तिरंगा लावला म्हणून पोलिसांनी पकडलं आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. वय अवघं अठरा. त्यांच्या एका शिक्षकांना पोराची कळकळ वाटली. ते विठाईंना घेऊन भेटीला गेले. माफी मागितली तर सुटका होईल, अशी गोष्ट निघाली. समोर गजाआड लेक, घरात दारिद्र्य, वर्ष वाया जाणार. कुठल्या आईचा जीव खालीवर होणार नाही? पण विठाईंनी साफ सांगितलं, माफीबिफी काही मागायची नाही, तब्येतीला जप. एवढं बोलून त्या माऊलीनं डोळे पुसले आणि घराची वाट धरली.

न शिकलेल्या आईनं दिलेला हा पहिला धडा. तो पुढं कुठं कामी आला आणि कुठं नाही, ते बघूच.

येरवड्याच्या तुरुंगात विद्वान माणसांची संगत लाभली, वाचन वाढलं. सुटून आल्यावर १९३४ साली ते मॅट्रिक झाले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ ला बी. ए. आणि पुण्यातून १९४१ ला वकिलीची परीक्षा पास झाले. आता कुठं घराला बरे दिवस येतील असं वाटत होतं.

पहिली संक्रांत तुरुंगात

२ जून १९४२ रोजी यशवंतरावांचं लग्न झालं. वधू फलटणच्या मोरे घराण्यातली, नाव वेणूताई. अंगाची हळद उतरते न उतरते तोच ऑगस्ट उजाडला. चले जावची हाक आली आणि नवरा भूमिगत झाला. सातारा जिल्ह्यात रान पेटलं होतं. पोलीस घरी येत, झडत्या घेत, घरच्यांना छळत.

नव्या नवरीची पहिली संक्रांत म्हणजे आपल्याकडे केवढा सोहळा! काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, तिळगूळ, सासरचं कौतुक. वेणूताईंच्या वाट्याला १९४३ च्या पहिल्या संक्रांतीला बेड्या आल्या. नवरा सापडत नाही म्हणून बायकोला पकडून नेलं. लग्नाला पुरते आठ महिनेही झाले नव्हते. नवऱ्याचं राजकारण काय आहे, हेही तिला धड उमगलं नसेल. काही आठवडे तिला कोठडीत काढावे लागले आणि ती बाहेर आली ती तब्येत गमावूनच.

आजारी वेणूताई माहेरी फलटणला होत्या. त्यांना बघायला म्हणून यशवंतराव लपतछपत आले आणि तिथंच पकडले गेले. त्याच धामधुमीत थोरले भाऊ ज्ञानोबा वारले. मधले गणपतरावही चळवळीपायी तुरुंगात जाऊन आले आणि पुढं क्षयानं खंगत गेले.

१९४६ च्या निवडणुकीत यशवंतराव मुंबईच्या विधानसभेवर निवडून गेले आणि गृहखात्याचे संसदीय सचिव झाले. त्यांचं मन जायला तयार नव्हतं. एक भाऊ गेलेला, दुसरा अंथरुणावर, बायको आजारी. अशात मुंबईला कसं जायचं? पण गणपतरावांनीच आग्रह करून पाठवलं. पुढच्याच वर्षी गणपतरावही गेले. घरात भावांच्या बायका, त्यांची मुलं, म्हातारी आई. तो सगळा गोतावळा वेणूताईंनी आपला मानला. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. मूल नसलेल्या बाईला आपला समाज काय काय ऐकवतो ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण या जोडप्यात त्यावरून कधी अंतर पडलं नाही. परदेशात गेले की यशवंतराव वेणूताईंना सविस्तर पत्रं लिहायचे, तिथलं गाव कसं, माणसं कशी, आज काय पाहिलं. त्यातली निवडक पत्रं पुढं विदेश दर्शन नावाच्या पुस्तकात आली.

मराठवाडा आणि मुख्यमंत्री

१९५२ साली ते मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात पुरवठामंत्री झाले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९५३ मध्ये नागपूर करार झाला. विदर्भ आणि मराठवाड्यातली मंडळी मराठी राज्यात आली तर त्यांना विकासात, नोकऱ्यांत, शिक्षणात योग्य वाटा मिळेल, असा तो शब्द होता. त्यावर सही करणाऱ्यांत यशवंतरावही होते.

तोवर आपला जिल्हा हैदराबाद राज्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, तरी कारभाराचं गाव हैदराबादच. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा तिथून निघून मोठ्या द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच दिवशी त्रेचाळीस वर्षांचे यशवंतराव त्या राज्याचे मुख्यमंत्री झाले. म्हणजे आपल्या सासू-आजेसासूंच्या पिढीनं पाहिलेले पहिले मराठी मुख्यमंत्री हेच.

पण ती खुर्ची म्हणजे निखाऱ्यांवरचा पाट होता. लोकांना हवा होता मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. त्या आंदोलनात शंभरावर माणसं बळी गेली. गोळीबाराचे मोठे प्रसंग त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या आधीचे, हे खरं. पण तेव्हाही ते सरकारात मंत्री होतेच. संयुक्त महाराष्ट्र की नेहरू, अशी वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूला राहू, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. लोकांना ते फार लागलं. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली आणि खुद्द यशवंतराव कराडमधून कसेबसे, थोड्या मतांनी निवडून आले.

त्यांनी विरोधकांशी वैर धरलं नाही. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरूंच्या हस्ते प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण होतं. विरोधकांचा प्रचंड जमाव निदर्शनाला उभा. एक ठिणगी पडली असती तर अनर्थ झाला असता. दोन्ही बाजूंनी संयम राखला आणि दिवस पार पडला. द्विभाषिक राज्य लोकांना नको आहे, हे दिल्लीला हळूहळू पटवून देण्यात यशवंतरावांचा मोठा वाटा होता. अखेर १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. लोकांनी ते लढून मिळवलं आणि यशवंतरावांनी ते बोलून-समजावून घडवून आणलं. श्रेय एकालाच द्यायची आपल्याला सवय आहे, पण इथं दोन्ही खरं आहे.

आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेलं काम

मुख्यमंत्री म्हणून त्यांनी जे केलं त्यातलं बरंच आपल्या घरात आलेलं आहे, फक्त त्यावर त्यांचं नाव लिहिलेलं नाही.

१९५८ च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. तोवर आपल्या भागाचं विद्यापीठ हैदराबादचं उस्मानिया. पोरांनाच तिथं पाठवणं अवघड, तर पोरींना कोण पाठवणार? १९५९ साली गरीब घरच्या मुलांसाठी फी माफी आली. तीच आपली ईबीसी. पैशाअभावी शाळा सुटण्याची भीती ज्यानं स्वतः सोसली त्याच्याच हातून हा निर्णय झाला. जात न पाहता घरची मिळकत पाहून सवलत मिळू लागली आणि खेड्यापाड्यांतली कितीतरी मुलं-मुली पुढं शिकली.

महार वतन रद्द करण्याचा कायदा त्यांच्याच काळातला. गावकीची वेठ त्यानं मोडली. बाबासाहेबांबरोबर ज्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता, त्यांच्या सवलती धर्म बदलल्यामुळे बंद पडू नयेत म्हणून महाराष्ट्र राज्यानं त्या चालू ठेवल्या. सहकारी साखर कारखान्यांना त्यांनी बळ दिलं. आपल्या शेजारी ढोकीला तेरणा कारखाना उभा राहिला तो याच सहकाराच्या वाटेनं. साहित्य संस्कृती मंडळही १९६० सालचं, त्याच्या अध्यक्षपदी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते.

आणि मग पंचायत राज. १९६१ चा कायदा, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू. शाळा, दवाखाना, रस्ता, विहीर, यांचा निर्णय मुंबईत न होता जिल्ह्यात आणि तालुक्यात व्हावा, हा त्यामागचा विचार. त्या कायद्यात, निवडून आलेल्यांत बाई नसेल तर एखाद-दोघींना घेण्याची सोय होती. वाचताना हसू येईल, की काय हे उपकार! पण दार तेवढं तरी किलकिलं झालं. पुढं नव्वदच्या दशकात एक तृतीयांश जागा आल्या आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. आज ग्रामपंचायतीत खुर्चीवर बसणाऱ्या आपल्या बहिणी त्याच दारातून आत गेल्या आहेत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. नागपूर करारातला मराठवाड्याला दिलेला शब्द पुरा पाळला गेला नाही. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये अनुशेषाचा हिशेब मांडला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, २०२० मध्ये त्यांची मुदतही संपली. आणि आपल्या डोक्यावरचा हंडा दर उन्हाळ्यात हलायचा तेवढा हललाच. हा दोष एकट्या यशवंतरावांचा नाही, ते १९६२ लाच दिल्लीला गेले. पण करारावर ज्यांची सही आहे त्यांच्याकडे बोट दाखवायचा आपल्याला हक्क आहे.

दिल्लीची बावीस वर्षं

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीननं हल्ला केला. आपल्या फौजेची पीछेहाट झाली, कृष्ण मेनन यांना संरक्षण खातं सोडावं लागलं आणि नेहरूंनी यशवंतरावांना बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा घरोघरी म्हटलं जायचं. नाशिकमधून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. खचलेल्या फौजेला शस्त्रं, माणसं आणि मुख्य म्हणजे धीर देण्याचं काम त्यांनी शांतपणे केलं. १९६५ च्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईत त्याचं फळ दिसलं. लढाईचे ढग जमत होते त्याच वर्षी विठाई गेल्या. ज्या मुलाला त्यांनी कोठडीत धीर दिला होता, तो देशाचा संरक्षणमंत्री झालेला त्यांनी पाहिला, हेच समाधान.

पुढं १९६६ पासून गृह, १९७० पासून अर्थ, १९७४ पासून परराष्ट्र, अशी एकामागून एक मोठी खाती त्यांच्याकडे आली. १९७७ ला काँग्रेस हरली तेव्हा ते लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. १९७९ ला चरणसिंगांच्या सरकारात काही महिने उपपंतप्रधान. पंतप्रधानपद मात्र हुकलं.

इथंच थापटी जरा जोरात मारून बघावी लागते. १९७५ ला आणीबाणी आली. विरोधी नेते, कार्यकर्ते, कितीतरी बायकासुद्धा तुरुंगात गेल्या. यशवंतराव मंत्रिमंडळात होते आणि गप्प राहिले. अठराव्या वर्षी ज्या आईनं माफी मागू दिली नाही, तिच्या मुलानं साठी ओलांडल्यावर तोंड उघडू नये, हे मनाला लागतं. पुढं ते इंदिराजींना सोडून गेले आणि पुन्हा त्यांच्याच पक्षात आले. परत येताना दारात बरंच ताटकळावं लागलं. कुंपणावरचे पुढारी अशी टीका त्यांच्यावर झाली आणि ती सगळीच खोटी नव्हती. ज्या संयमानं महाराष्ट्र घडवला, तोच संयम नको तिथंही सुटला नाही. आपल्या घरांतही हे होतं ना? भांडण टाळणारी समजूतदार बाई घर सांभाळते, पण कधीकधी बोलायची वेळही निघून जाते.

वेणूताईंनंतर

एवढ्या मोठ्या पदांच्या घरात वेणूताई कशा राहिल्या? साध्या राहिल्या. सभा, भाषणं, पदं यांच्या वाटेला त्या गेल्या नाहीत. तब्येत कायम नाजूक, तरी घर सगळ्यांना खुलं. कराडहून, साताऱ्याहून कामं घेऊन आलेला माणूस दिल्लीत कुणाकडे जाणार? त्याचं जेवणखाण त्या बघायच्या. मंत्र्याचा मान नवऱ्याला मिळतो आणि मंत्र्याच्या घराचं माणूसपण बायको राखते, हे आपल्या लक्षात कुठं येतं?

१ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या. दुसऱ्या दिवशी लग्नाचा वाढदिवस होता. त्यानंतर यशवंतराव आतून मोडले. कृष्णाकाठ हा त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९८४ मध्ये आला. पुढचे भाग लिहायचे मनात होते, ते राहूनच गेले. एक काम मात्र त्यांनी तडीला नेलं. कराडला वेणूताईंचं स्मारक उभं केलं आणि आपली आयुष्यभराची पुस्तकं त्या घराला दिली. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांनी शेवटचा श्वास घेतला. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, नाशिकला मुक्त विद्यापीठ सुरू झालं. त्याला त्यांचं नाव आहे. लग्नामुळे, बाळंतपणामुळे, पैशामुळे ज्यांचं शिक्षण सुटलं अशा कितीतरी बायकांनी संसार सांभाळून या विद्यापीठातून पदवी घेतली. आपल्या ओळखीत अशी एखादी तरी असेलच. अक्षर न ओळखणाऱ्या विठाईच्या लेकाचं नाव तिच्या पदवीच्या कागदावर छापलेलं असतं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या पुतळ्यांपेक्षा हा कागद मोठा आहे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा. तिथं आपल्याला जी जागा आहे ती कायद्यानं मिळाली, पण त्या कायद्यापर्यंत पोचणाऱ्या माणसामागं एक आई माफी नको म्हणून उभी राहिली होती आणि एका नव्या नवरीनं पहिली संक्रांत कोठडीत काढली होती. म्हणून त्या जागेवर नुसतं सहीपुरतं बसू नका. पाण्याचं विचारा, शाळेचं विचारा, दवाखान्याचं विचारा. बोलायची वेळ आली, की बोला.